गॅपनंतर पुन्हा ओपीडीत : परतणाऱ्या आणि कमी तास काम करू पाहणाऱ्या डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात बालरोगतज्ज्ञ आहे. २०१२ मध्ये काम थांबवलं, २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं. मधली सहा वर्षं दोन मुलं आणि सासूबाईंचं डायलिसिस यांत गेली. परतल्यावर आधी बॅचमेट मैत्रिणी विचारू लागल्या, मग त्यांच्या मैत्रिणी. आता मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मुली इंटर्नशिप संपायच्या आधीच मेसेज करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तो क्रमांक सांगितला आहे.

१. गॅप नेमका कधीपासून धरायचा? बाळंतपणाची रजा म्हणजेही गॅपच का?

मी तीन महिन्यांपासून धरते. इंग्लंडमध्ये रेसिडेंट (पदवीनंतर प्रशिक्षण घेणाऱ्या) डॉक्टरांना कामावर परत आणण्याची जी योजना आहे, तिथेही तीन महिने किंवा त्याहून जास्त अनुपस्थिती असेल तर मदत सुरू होते. पण नुसत्या महिन्यांवर जाऊ नका, आपला विषय पाहा. त्वचारोगाच्या ओपीडीत चार महिन्यांनी बसलेली मैत्रीण दुसऱ्या दिवशी रुळली. भूल देणाऱ्या मैत्रिणीला तेवढ्याच खंडानंतर पहिल्या स्पायनलला, म्हणजे पाठीच्या कण्यात भूल देताना, घाम फुटला. हाताचं काम जितकं जास्त, तितकी सोबत लवकर लागते. रजा आणि गॅप यांत कागदावर फरक एवढाच की रजेत तुमची जागा राखलेली असते. हाताला आणि मनाला जे होतं ते दोन्हीकडे सारखंच.

२. घरी होते त्या काळात रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण राहून गेलं. आता डॉक्टर म्हणून माझं काही उरलं का?

पदवी कुठे जात नाही. पण महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी चालू नसेल तर एकही रुग्ण तपासू नका, शेजारच्या बाळाला औषधसुद्धा लिहून देऊ नका. नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. पॉइंट कमी असतील तर मान्यताप्राप्त सीएमई (डॉक्टरांचे उजळणीचे शैक्षणिक कार्यक्रम) आणि परिषदा करून भरून काढा. शहरात आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेचे आणि वेगवेगळ्या विषयांच्या संघटनांचे कार्यक्रम वर्षभर सुरू असतात. कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे नाव नोंदवण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

गॅप घेणार असाल तर नोंदणीची मुदत संपण्याची तारीख आत्ताच मोबाइलवर लावून ठेवा. घरी असताना महिन्यातून एक रविवार सीएमईला गेलं तर पॉइंट जमतात. त्याहून मोठा फायदा म्हणजे मधल्या सुट्टीत चहा घेताना लोक तुम्हाला ओळखत राहतात. मला पहिलं काम अशाच एका चहावर मिळालं.

३. लग्नानंतर आडनाव बदललं. डिग्रीवर माहेरचं, आधारवर सासरचं. अडचण येईल का?

येते, आणि घाईच्या वेळी येते. पदवी, परिषदेची नोंदणी आणि आधार या तिन्हीवरचं नाव जुळायला हवं. राष्ट्रीय वैद्यक नोंदवहीच्या पोर्टलवरही आधार लागतं. एक तर व्यावसायिक नाव माहेरचंच ठेवा, नाहीतर राजपत्रात बदल करून सगळीकडे एकदमच नाव बदला. हे काम गॅपमध्ये उरकून घ्या. एमडी झाल्यावर ती अतिरिक्त पात्रता परिषदेत नोंदवायचं राहिलं असेल तर तेही याच फेरीत करा.

४. एमडी किंवा एमएस पार्ट-टाइम करता येतं का? सकाळी ड्युटी, दुपारी घरी, कोर्स पाच वर्षांचा झाला तरी चालेल.

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी नाही लिहिताना मला वाईट वाटतं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीप्रमाणे एमडी आणि एमएस तीन वर्षांचे पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम आहेत. किमान ८० टक्के हजेरी लागते. डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय मंडळाची तशीच पदव्युत्तर पात्रता, हीसुद्धा पूर्णवेळच आहे. कुणी 'आम्ही ॲडजस्ट करून देऊ' म्हणत असेल तर तिथे प्रवेश घेऊ नका. हजेरीत गडबड निघाली तर तुमची तीन वर्षं बुडतात, ॲडजस्ट करून देणाऱ्याचं काही जात नाही.

आहे त्या चौकटीत काय मिळतं ते मात्र पूर्ण माहीत असू द्या. वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा, त्याशिवाय ५ दिवस शैक्षणिक रजा आणि कामाची निकड नसेल तर आठवड्याला एक सुट्टी. या गोष्टी नियमावलीत लिहिलेल्या आहेत, एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) मर्जीवर सोडलेल्या नाहीत. तासांचंही तसंच. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नको असं म्हटलं होतं. २०२४ मध्ये आयोगाच्याच टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नये अशी शिफारस केली. वॉर्डात प्रत्यक्ष काय चालतं ते आपण सगळे जाणतो. पण आकडा माहीत असलेली रेसिडेंट रोस्टरबद्दल बोलते तेव्हा ती तक्रार ठरत नाही, ती नियमावर बोट ठेवत असते.

विषय निवडताना पुढच्या दहा वर्षांचा विचार करा. ही पाठ फिरवणं नव्हे. मला स्वतःला नवजात शिशू विभागच हवा होता, मी तोच घेतला, आणि रात्रीचे कॉल आयुष्यभर राहणार हे धरून घेतला. पीजी प्रवेशाच्या नीट परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, तेव्हा मूल दोन वर्षांचं झाल्यावर परीक्षा देण्यात काहीही गैर नाही.

५. जेआर-२ ला (रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला) आहे, गरोदरपणाचा तिसरा महिना सुरू आहे. टर्म वाढेल का? एचओडींना कधी सांगू?

आधी अभिनंदन. इतक्या मुली हा प्रश्न घाबरून विचारतात की अभिनंदन करणारी पहिली व्यक्ती बहुधा मीच असते.

पीजी विद्यार्थिनींना शासकीय नियमांप्रमाणे प्रसूती रजा मिळते, तसं २०२३ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे. परवानगीपेक्षा जास्त रजा झाली की तितकेच दिवस टर्म पुढे जाते. खरा पेच परीक्षेचा असतो. विद्यापीठाच्या तारखा ठरलेल्या असतात, त्यामुळे थोड्या दिवसांच्या फरकानेही तुमची परीक्षा पुढच्या सत्रात जाऊ शकते. म्हणून रजेच्या अर्जासोबतच टर्म कोणत्या तारखेला संपेल आणि परीक्षा कोणत्या सत्रात होईल हे विभागाकडून लेखी घ्या. वाढीव काळातल्या विद्यावेतनाचं आणि हॉस्टेलच्या खोलीचंही तेव्हाच विचारा.

एचओडींना लवकर सांगा. रेडिओलॉजी, ऑर्थो, कॅथलॅब किंवा सी-आर्म (फिरतं एक्स-रे यंत्र) चालणाऱ्या कुठल्याही ठिकाणी असाल तर आजच सांगा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे गर्भधारणा कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्गाची मात्रा जाता कामा नये. तुम्ही कळवलंच नाही तर ते पाळणार कोण? जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम करण्याचे, तीन महिने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात असतात. ते कधी घ्यायचे यावर बोलायला इथे थोडी जागा असते. थिसिसचा डेटा रजेआधी गोळा करून ठेवा. बाळ मांडीवर घेऊन तक्ते करता येतात, केसेस गोळा करता येत नाहीत.

ज्यांच्या बरोबरच्या रेसिडेंटला रजा मिळाली आहे त्यांच्यासाठी एक ओळ. तिच्या वाट्याच्या नाइट तुमच्यावर येतात तेव्हा राग तिच्यावर काढू नका. बदली माणूस देणं विभागाचं काम आहे, ते एकत्र मागा.

६. इंग्लंडमध्ये अर्धवेळ ट्रेनिंग खरंच असतं का? तिकडे जायचा विचार करते आहे.

असतं. तिथे पूर्णवेळेपेक्षा कमी तासांचं ट्रेनिंग ही रीतसर मान्य व्यवस्था आहे. कुणी आठवड्याचे ८० टक्के तास करतं, कुणी ६०. पगार त्या प्रमाणात कमी होतो आणि ट्रेनिंगची वर्षं तितकी वाढतात. मुलं, आजारी माणसं, स्वतःचं आजारपण ही कारणं चालतात. बाळंतपणाच्या रजेत दहा दिवसांपर्यंत कामावर येऊन संपर्क ठेवता येतो आणि त्याने रजा मोडत नाही. परतणाऱ्यांसाठी तीन बैठका असतात : जाण्याआधी, परतण्याआधी आणि परतल्यावर काही आठवड्यांनी.

नुसत्या याच कारणासाठी देश सोडू नका. प्रवेशपरीक्षा, व्हिसा, तिथली स्पर्धा आणि आईबाबा इथे एकटे, हे सगळं त्या तासांच्या सोयीपेक्षा जड आहे. मला तिथलं आवडलं ते वेगळंच. त्या तीन बैठकांना पैसा लागत नाही, कायदाही लागत नाही. धंतोलीतल्या वीस खाटांच्या हॉस्पिटललाही त्या करता येतात. कशा, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

७. सहा-सात वर्षांनी परत यायचंय. सुरुवात कुठून करू? पुस्तकं काढून बसले आहे.

पुस्तकं बाजूला ठेवा, आधी हॉस्पिटलात जाऊन उभ्या राहा. का, ते माझ्या पहिल्या दिवसावरून सांगते.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. मला सकाळी ओपीडीसाठी बोलावलं होतं. अकरा वाजता लेबर रूममधून हाक आली. बाळ निळं, मऊ, रडत नव्हतं. पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा हे मला झोपेतही माहीत होतं. पण माझा हात वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाच्या) डाव्या बाजूला गेला, कारण माझ्या जुन्या हॉस्पिटलात ऑक्सिजनचा नॉब डावीकडे होता. इथे तो उजवीकडे होता. मास्क कोणत्या ड्रॉवरमध्ये आहे ते कळेना. सिस्टरने न बोलता शून्य नंबरचा मास्क माझ्या तळहातावर ठेवला आणि नॉब फिरवला. पाचव्या-सहाव्या श्वासाला छाती नीट वर आली आणि बाळ रडलं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. घरी येऊन मी दोन तास रडले.

ज्ञान गेलं नव्हतं. वस्तू कुठे आहेत हे मला कुणी दाखवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर 'हिला काही येत नाही' असं वाटेल ही भीती.

म्हणून माझा क्रम असा आहे. रुजू होण्याआधी एक अख्खा दिवस फक्त जागा पाहा. क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषधांच्या गाडीचा) प्रत्येक ड्रॉवर स्वतःच्या हाताने उघडा, डिफिब (हृदयाला शॉक देणारं यंत्र) सुरू करून पाहा, संगणकावर एक खोटी भरती करून पाहा, रात्री रक्त कुठून येतं ते विचारा. पुढचे दोन आठवडे कुणाच्या तरी सोबत राउंड, निर्णय त्यांचा. मग दोन आठवडे निर्णय तुमचा आणि ते शेजारी. त्यानंतर दिवसा एकट्या, आणि रात्री फोनवर कोण आहे हे नावासकट ठरलेलं. शस्त्रक्रियेच्या विषयांत हे आठवड्यांत मोजू नका, केसेसमध्ये मोजा. किती सिझेरियन असिस्ट करायच्या, किती देखरेखीखाली करायच्या, हे आधी लिहून ठेवा.

जीवनरक्षक प्रशिक्षण रुजू होण्याआधी करा : मोठ्यांचं किंवा नवजातांचं, विषयानुसार. त्यात फक्त माहिती नाही, हात चालतो. मी निघाले तेव्हा मेकोनियम (पोटातच झालेली पहिली शी) असलेलं सुस्त बाळ आलं की आधी ट्यूब घालून सक्शन करायचं हा नियम होता. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते सरसकट करणं थांबवलं. मी हे प्रशिक्षणात शिकले. तिथे नसते गेले तर त्या सकाळी मौल्यवान सेकंद सक्शनमध्ये घालवले असते.

पुस्तकं यानंतर. आज जी केस पाहिली तेवढाच धडा रात्री वाचा.

८. मधल्या काळात काय काय बदललं? विषय सोडून इतर गोष्टींचंही सांगा.

आपल्या विषयाचं तुमच्या संघटनेकडून कळेल. सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी सांगते. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपाताची मर्यादा ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत गेली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे दोघांचं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि २०१८ पासून लागू आहे. टीबीची औषधं आता रोज देतात, आठवड्यातून तीनदा देण्याची पद्धत गेली, आणि कार्यक्रमाचं नावही २०२० पासून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झालं. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा नवा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, म्हणून पोलिस केसच्या कागदांवर जुनी कलमं लिहू नका. निष्काळजीपणाचं ३०४-अ आता कलम १०६ मध्ये आहे.

विदर्भात काम करणाऱ्यांनी सिकलसेल मुद्दाम वाचावं. २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, उद्दिष्ट २०४७ चं आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचं औषध आता तालुक्याच्या ठिकाणचे रुग्णही घेतात आणि तुमच्या ओपीडीत येऊन डोसबद्दल विचारतात.

९. ऑब्झर्व्हरशिपसाठी (नुसतं पाहून शिकण्यासाठी) नागपुरात कोण उभं करेल? ओळख नाही कुणाची.

ओळख लागतेच असं नाही, अर्ज लागतो. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, डिगडोह आणि वानाडोंगरीची खाजगी महाविद्यालयं, थोडं बाहेर सेवाग्राम आणि सावंगी. जिथे शिकवण्याची सवय आहे तिथे परतणाऱ्याला सांभाळून घेणं सोपं जातं. विभागप्रमुखांना एका पानाचं पत्र द्या : कधी थांबले, का थांबले, काय पाहायचंय, किती आठवडे. 'काहीही चालेल' असं लिहू नका, त्याने समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. अधिष्ठाता किंवा अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. नोंदणी चालू होईपर्यंत फक्त पाहा, हात लावू नका.

फुकट काम किती दिवस करायचं, हेही आधीच ठरवा. माझ्या मते सहा आठवडे पुरे. त्यानंतर तुम्ही राउंड घेत असाल, डिस्चार्ज लिहीत असाल, तर ती ऑब्झर्व्हरशिप राहिली नाही, ती नोकरी आहे आणि तिचा पगार मागायचा.

१०. नागपुरात कमी तासांचं काम कुठे मिळतं?

धंतोली आणि रामदासपेठेत छोटी-मोठी हॉस्पिटलं इतकी जवळजवळ आहेत की दोन ठिकाणी दोन-दोन तासांची ओपीडी पायी फिरूनही होते. व्हिजिटिंग कन्सल्टंट, सकाळचे आरएमओ (वॉर्ड सांभाळणारे निवासी डॉक्टर), सुट्टीवर गेलेल्यांच्या जागी लोकम (तात्पुरती बदली), शहरी आरोग्य केंद्रं, शाळा आणि कारखान्यांची तपासणी, टेलिमेडिसिन. यांतलं पहिलं काम घेताना पैशापेक्षा सोबत पाहा. एकटीने बसायचं क्लिनिक पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नका, भाडं कितीही कमी असलं तरी.

वैद्यकीय महाविद्यालयात पूर्णवेळ शिक्षकाच्या पदावर अर्धवेळ चालत नाही. हजेरी आधारशी जोडलेली आहे. टेलिमेडिसिन घरून करता येतं आणि बाळ लहान असताना ते मोठी सोय आहे, पण गुंगीची आणि मनोविकारांवरची नियंत्रित औषधं त्यावर लिहून देता येत नाहीत. शिवाय हात कधीच पोटावर पडत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी प्रत्यक्ष ओपीडी ठेवा.

११. मी रेडिओलॉजिस्ट. तीन सेंटरवर थोडे-थोडे तास घेऊ का?

सोनोग्राफी करणार असाल तर नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन ठिकाणी करता येते आणि तिथल्या तुमच्या वेळा नोंदवलेल्या असाव्या लागतात. कमी तास काम करणारीला हा नियम अनवधानाने मोडण्याचा धोका सगळ्यात जास्त, कारण लोकमसाठी 'फक्त दोन दिवस या' असा फोन कधीही येतो. त्या दोन दिवसांसाठीही नाव नोंदणीत असायला हवं. जुन्या सेंटरवर तुमचं नाव अजून आहे का तेही तपासा. सीटी, एमआरआय किंवा घरून रिपोर्टिंग हा वेगळा प्रश्न आहे, त्याला ही दोनची मर्यादा नाही.

१२. माझं हॉस्पिटल आहे. परतणारी डॉक्टर ठेवायची इच्छा आहे, पण जोखीम वाटते. नेमकं काय करायचं?

हा प्रश्न वाचला की दिवस चांगला जातो.

तीन बैठका करा, प्रत्येकी अर्धा तास. पहिली रुजू होण्याआधी : काय येतं, काय विसरल्यासारखं वाटतं, कोणत्या रात्री शक्य नाहीत. दुसरी चौथ्या आठवड्यात, तिसरी तिसऱ्या महिन्यात. एक सीनियर नावानिशी नेमून द्या, जिला किंवा ज्याला रात्री दोनला फोन केला तरी चालेल. 'कुणालाही विचारा' म्हटलं की ती कुणालाच विचारत नाही. प्रश्न ७ मधला क्रम तुमच्या हॉस्पिटलला जुळवून घ्या आणि कागदावर लिहा. पहिले चार आठवडे तिला एकटीने नाइट देऊ नका, माणसं कमी असली तरी. नाइट सोडून बाकी रोस्टर तिला इतरांसारखंच द्या, नाहीतर बाकीच्यांचा रोष तिला भोगावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ च्या दुरुस्तीपासून पगारी प्रसूती रजा २६ आठवडे आहे, पूर्वी १२ होती. दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी १२. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. आणि पन्नास नसले तरी दूध काढायला कडी लागणारी एक खोली आणि एक छोटा फ्रिज द्या. मी ते काम स्टोअररूममध्ये सलाइनच्या खोक्यावर बसून केलं आहे. दाराला पाठ लावून.

१३. इंडेम्निटी पॉलिसी (रुग्णांच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा) गॅपमध्ये बंद केली. आता नवी घेतली की झालं ना?

पुढच्या कामासाठी झालं, मागच्यासाठी नाही. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी दावा ज्या काळात येतो त्या काळात चालू असाव्या लागतात. म्हणजे २०२३ मधल्या रुग्णाने २०२४ मध्ये नोटीस पाठवली आणि तेव्हा तुमची पॉलिसी बंद होती, तर संरक्षण नाही. पॉलिसीवर पूर्वलक्षी तारीख लिहिलेली असते. खंड पडला की ती तारीख नव्याने सुरू होते. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि उशीर माफही होऊ शकतो. म्हणून काम थांबवलं तरी हप्ता निदान दोन-तीन वर्षं भरत राहा. परतताना एजंटला पूर्वलक्षी तारीख कोणती ते विचारा आणि कागदावर पाहा. अर्धवेळ काम असेल तरी रक्कम कमी घेऊ नका, दावा तुमचे तास मोजून येत नाही.

१४. सरकारी नोकरीत आहे. राजीनामा न देता लांब रजा मिळेल का?

राजीनामा ही शेवटची पायरी ठेवा. एम्स केंद्राचं आहे. तिथल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा असते, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, आणि एकल पालक असलेल्या पुरुषांनाही. मेडिकल आणि मेयो राज्याचे, तिथे ही मर्यादा १८० दिवसांची आहे. रजा मंजूर व्हावी लागते, हक्काने मागता येत नाही. म्हणून परीक्षेच्या किंवा शस्त्रक्रियेच्या तारखा दाखवून महिनाभर आधी अर्ज द्या. पीजीनंतरचा बॉन्ड (सक्तीची सरकारी सेवा) सुरू असेल तर रजेने बॉन्डची तारीख पुढे जाते का, हे लेखी घ्या.

१५. मी पुरुष डॉक्टर आहे. वडिलांच्या लकव्यामुळे तीन वर्षं गावी होतो. मुलाखतीत गॅपचं काय सांगू?

खरं सांगा, दोन वाक्यांत सांगा आणि पुढच्या तयारीवर या. 'वडिलांची सेवा केली. रजिस्ट्रेशन चालू आहे, गेल्या महिन्यात प्रशिक्षण केलं, चार आठवडे सोबत हवी.' माफी मागू नका. या पानावरचं सगळं तुम्हालाही लागू आहे. पुरुषांना हा प्रश्न विचारायला जास्त जड जातं, हे मी पाहिलंय. एका सर्जनने मला रात्री साडेबाराला लिहिलं आणि सकाळी मेसेज पुसून टाकला. त्यांनी परत लिहावं म्हणून हे इथे घातलं आहे.

१६. डिप्रेशनमुळे रेसिडेन्सी सोडली. परत यायचं तर हे सांगावं लागेल का?

सगळ्यांना नाही. तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि, विश्वास असेल तर, प्रश्न १२ मधल्या त्या एका सीनियरला. बाकी स्टाफला 'तब्येतीचं कारण' एवढं पुरतं. तुमचे उपचारांचे कागद गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. तारीख डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा, घरच्यांच्या घाईने नव्हे, आणि रुजू झाल्यावर बरं वाटतंय म्हणून औषध बंद करू नका. जागरणाचा तुमच्या आजाराशी थेट संबंध असेल तर नाइट कमी करण्याचं पत्र उपचार करणाऱ्यांकडूनच घ्या. रात्री मन फार खाली गेलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. डॉक्टर आहोत म्हणून तिथे फोन करायचा नसतो असं काही नाही.

१७. नवऱ्यासोबत पाच वर्षं दुबईत होते, काम केलं नाही. तिथलं काही लागेल का?

तिथे परवानाच घेतला नसेल तर काही नाही, इथली नोंदणी प्रश्न २ प्रमाणे पाहा. परवाना घेऊन काम केलं असेल तर तिथल्या संस्थेकडून चांगल्या वर्तनाचं प्रमाणपत्र देश सोडण्याआधी घ्या. नागपुरातून ईमेलवर ते मिळवताना महिने जातात. उलट दिशेने जाणाऱ्यांना असं प्रमाणपत्र महाराष्ट्र वैद्यक परिषद देते.

१८. परत आले. तिसरा आठवडा आहे आणि वाटतंय की मला जमणार नाही. सोडू का?

तिसऱ्या आठवड्यात सोडू नका. हा मेसेज मला जवळपास नेहमी तिसऱ्या नाहीतर चौथ्याच आठवड्यात येतो. सोबतचा माणूस थोडा मागे सरकलेला असतो आणि हात अजून पूर्ण बसलेला नसतो, त्यामुळे ते होतं.

आज रात्री एक कागद घ्या आणि 'जमत नाही' ऐवजी काय जमत नाही ते लिहा. एका मुलीने लिहिलं : लहान बाळाची शीर सापडत नाही, डिस्चार्जचं सॉफ्टवेअर, आणि एक सिस्टर माझ्याशी बोलत नाही. पहिल्यासाठी ती चार सकाळी नवजात विभागात सिस्टरांबरोबर उभी राहिली. दुसरं आरएमओने वीस मिनिटांत शिकवलं. तिसऱ्या गोष्टीसाठी मी तिला म्हटलं, त्या सिस्टरकडूनच शीर शोधायला शीक. यादीत रुग्णाला धोका होईल असं काही असेल, चुकीचा डोस किंवा हुकलेलं निदान, तर उद्या सकाळी सीनियरला सांगून प्रश्न ७ च्या क्रमात एक पायरी मागे या. यादी करूनही सहा आठवड्यांनी तेच वाटत असेल तर मला मेसेज करा. मग जागा बदलायची की तास, ते बसून बोलू.